माहुली ते कल्याण : बखर-वाङ्मयातील पित्याचा विश्वास

१

वडील हयात असता घराचा कारभार वयात आलेल्या मुलाच्या हाती जाणे ही एकत्र कुटुंबातील मोठी नाजूक घटना होय. ती बहुधा बोलून होत नाही. एखाद्या दिवशी किल्ल्या दुसऱ्या कमरेला जातात, देण्याघेण्याचे कागद नव्या सहीने निघू लागतात, जुने नोकर व कुळे आपली गाऱ्हाणी वेगळ्या दारी नेऊ लागतात. आणि घराचा कर्ता बदलला हे सर्वांस कळून चुकते. वडिलांनी ‘आता तू पाहा’ असे म्हटले की नाही, हे पुढे कोणास नेमके आठवत नाही. आठवण राहते ती सोपविलेल्या वस्तूंची आणि माणसांची.

हीच घटना राज्यस्थापनेच्या पातळीवर घडली ती शहाजीराजे व शिवाजीमहाराज यांच्या संबंधात. या संबंधाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या लेखनात दोन ठळक मते आढळतात. एका मताप्रमाणे शहाजीराजे हे विजापूरच्या दरबाराचे एकनिष्ठ सरदार. मुलाच्या उद्योगाशी त्यांचा संबंध नव्हता, इतकेच नव्हे तर त्यांनी मुलास जाहीरपणे दूर लोटले. दुसऱ्या मताप्रमाणे स्वराज्याचा संकल्प मूळचा शहाजीराजांचाच. महाराजांनी केले ते पित्याच्या गुप्त योजनेनुसार. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हापासून शहाजीराजांच्या कर्तृत्वाकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक गेले आणि दुसऱ्या मतास बळ आले.

ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांची वाचनपद्धती एकच आहे. दोन्ही पक्ष साधनांत पित्याचा उद्गार शोधतात. एकास नकाराचा उद्गार सापडतो, दुसऱ्यास प्रोत्साहनाचा. आणि ज्याला जो सापडतो त्यावर तो पित्याचे संपूर्ण अंतःकरण बेतून देतो. बखर व तत्सम वाङ्मय पित्याचा विश्वास कोणत्या रूपाने व्यक्त करते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. तो वाङ्मयसमीक्षेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून ऐतिहासिक निर्णयही पक्का होत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश आजच्या ठाणे जिल्ह्यातला आहे. कारण पित्याचा स्वतंत्र उद्योग जेथे संपला ती माहुली आणि पुत्राने वारशाने न आलेला मुलूख जेथे हाती घेतला ते कल्याण, ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यात आहेत.

२

प्रथम माहुली. निजामशाही मोडकळीस आल्यावर शहाजीराजांनी १६३३ साली एका अल्पवयीन राजपुत्रास पेमगिरीवर गादीवर बसवून त्या राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. स्वतः सिंहासनावर न बसता सिंहासनाच्या बाजूने राज्य चालविण्याचा तो प्रयत्न होता आणि सुमारे तीन वर्षे तो टिकला. १६३६ मध्ये शहाजहान व मुहंमद आदिलशाह यांच्यात तह झाला. मग मोगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान या दोघांनी शहाजीराजांचा पाठलाग केला. शेवटी ते माहुलीच्या किल्ल्यात कोंडले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी तो राजपुत्र मोगलांच्या स्वाधीन केला, जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्र इत्यादी किल्ले सोडले आणि आदिलशाही चाकरी पत्करली. कल्याणसह उत्तर कोकण विजापूरकरांच्या अमलाखाली गेले. महाराज त्या वेळी सहा वर्षांचे होते.

माहुलीच्या या शरणागतीचा तपशील मुख्यतः अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’सारख्या फारसी ग्रंथांतून मिळतो. मराठी बखरींस हा प्रसंग विशेष रुचलेला दिसत नाही. ते स्वाभाविकही आहे. बखर ज्याच्या गौरवार्थ लिहिली जाते त्याच्या पित्याचा पराभव हा तिचा विषय होऊ शकत नाही. तथापि या प्रसंगाकडे दुर्लक्ष केल्याने पुढील सर्व कथनाचा अर्थ बदलतो. मुलाच्या हाती जहागीर सोपविणारा शहाजी हा पराभवाचा अनुभव घेतलेला पुरुष आहे. दोन बादशाह्या एकत्र आल्या असता एकट्या सरदाराचे काय होते, हे त्याने माहुलीच्या तटावरून पाहिले आहे. अशा माणसाने मुलास काही दिले असेल, तर ते भाबडेपणाने दिले असेल असे मानणे कठीण आहे. त्याचप्रमाणे त्याने मोठमोठ्या शब्दांत काही दिले असेल, हेही संभवनीय वाटत नाही. शब्द दरबारात ऐकू जातात, हे तो जाणून होता.

३

पित्याने पुत्रास काय दिले, याविषयीची दोन प्रमुख कथने ‘शिवभारत’ आणि ‘सभासदाची बखर’ या ग्रंथांत आहेत. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या हयातीतले संस्कृत काव्य. तंजावर येथे सापडलेल्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकर यांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले. कृष्णाजी अनंत सभासद याची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजाराममहाराजांच्या आश्रयाने जिंजी येथे लिहिली गेली. एक काव्य आणि एक गद्य. एक संस्कृत आणि एक मराठी. एकाचा कर्ता महाकाव्याच्या संकेतांत वावरणारा, दुसऱ्याचा कर्ता दरबारी कारभारी. इतका भेद असूनही या प्रसंगी दोघांच्या कथनाचे रूप विलक्षण सारखे आहे.

परमानंदाच्या वर्णनात बारा वर्षांच्या शिवाजीस पुण्याकडे पाठविताना शहाजीराजे त्याच्याबरोबर हत्ती, घोडे व पायदळ देतात. वडिलोपार्जित विश्वासातले अमात्य, नावाजलेले अध्यापक, बिरुदे, ध्वज आणि द्रव्य देतात. सभासदाच्या कथनात हीच गोष्ट अधिक नेमकी होते. महाराज दादोजी कोंडदेवांसह बंगळुरास पित्याच्या भेटीस जातात. परतताना शहाजीराजे त्यांस कारभारी नेमून देतात : शामराव निळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस.

या दोन्ही ठिकाणी काव्यास व बखरीस भावपूर्ण प्रसंग उभा करण्याची संधी होती. पिता-पुत्रांचा वियोग, मस्तकावर ठेवलेला हात, उपदेशाचे चार शब्द हे सर्व साहित्याच्या परिचयाचे. प्रत्यक्षात वाचकाच्या मनावर ठसते ती यादी. साहित्याच्या रूढ कल्पनेप्रमाणे यादी हा नीरस भाग. परंतु बखरीत तसे नाही. बखरीच्या भाषेत यादी हे भावनेचेच एक रूप आहे. पेशवा, मुजुमदार, डबीर व सबनीस ही चार पदे ज्याच्याजवळ आहेत त्याच्याजवळ निर्णय, हिशेब, परराज्याशी व्यवहार आणि फौजेची नोंद या चारही गोष्टी आहेत. म्हणजे मुलाच्या हाती देण्यात आले ते नुसते उत्पन्न नव्हते. राज्यकारभाराचा संपूर्ण सांगाडा लहान आकारात दिला गेला होता. ‘माझा तुझ्यावर भरवसा आहे’ हे वाक्य बखरीत नाही. त्या वाक्याच्या जागी चार माणसे आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. बारा वर्षांच्या मुलास कारभारी देणे हा विश्वास म्हणावयाचा की सोय? कर्नाटकात गुंतलेल्या सरदारास दूरची जहागीर कोणाच्या तरी नावे चालविणे भागच होते. मुलगा नावाचा, कारभार इतरांचा. हा आक्षेप रास्त आहे. १६४० च्या सुमारास जे घडले त्यास फार तर विश्वासाचे बीज म्हणता येईल. खरी कसोटी लागते ती मुलगा वयात आल्यावर, तो दिलेल्या चौकटीबाहेर पाऊल टाकू लागल्यावर. अशी पहिली कसोटी सभासदानेच नोंदविली आहे. सुपे महालावर शहाजीराजांचे मेहुणे, महाराजांच्या सावत्र आईचे बंधू, संभाजी मोहिते होते. महाराजांनी शिमग्याच्या निमित्ताने जाऊन त्यांस कैद केले आणि महाल ताब्यात घेतला. ज्यास पित्याने नेमले त्यास पुत्राने उठविले. घरगुती भाषेत बोलावयाचे तर हा उघड अधिक्षेप होता. तरी पित्याने त्याचा प्रतिकार केल्याचे दिसत नाही. विश्वासाचे हे दुसरे रूप : दिलेले परत न मागणे.

याच संदर्भात महाराजांच्या मुद्रेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १६४६ च्या पत्रावर आढळणारी ही संस्कृत मुद्रा राज्याभिषेकानंतरही चालू राहिली. तीत शिवाजी हा शहाचा पुत्र म्हणून निर्दिष्ट आहे. म्हणजे पुत्राने काढलेल्या प्रत्येक आज्ञापत्रात पित्याचे नाव होते. मुद्रेतील हा निर्देश संस्कृत परंपरेतील रूढ संकेत आहे हे खरे. परंतु ज्या काळात पिता विजापूरच्या चाकरीत होता आणि पुत्र विजापूरचे किल्ले घेत होता, त्या काळात तो संकेत निरुपद्रवी राहिला नव्हता. पुत्राच्या प्रत्येक कृत्याबरोबर पित्याचे नाव गोवले जात होते.

४

या गोवले जाण्याची किंमत १६४८ मध्ये दिसून आली. त्या वर्षीच्या जुलैत जिंजीच्या वेढ्याच्या वेळी मुस्तफाखानाने शहाजीराजांस कैद केले. कैदेच्या कारणाविषयी साधनांत एकवाक्यता नाही. विजापूरचे फारसी इतिहास वेढ्यातील वर्तनाकडे बोट दाखवितात. बखरी पुत्राच्या बंडाळीस कारण मानतात. कारण कोणतेही असो, सुटकेची अट मात्र दोन्ही पुत्रांना स्पर्श करणारी होती. १६४९ च्या मे महिन्यात शहाजीराजे सुटले, त्यासाठी थोरले पुत्र संभाजी यांच्याकडून बंगळूर आणि महाराजांकडून कोंढाणा सोडून द्यावा लागला. मधल्या काळात महाराजांनी मोगलांचा दक्षिणेचा सुभेदार शाहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार करून पित्याच्या सुटकेसाठी दुसरी बाजूही चाचपून पाहिली होती.

पिता सुटला आणि पुत्राने एक किल्ला गमावला. व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रसंग विश्वास संपुष्टात आणणारा होता. पित्याने मुलास आवरावे, निदान आपली माणसे काढून घ्यावीत, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. नेमक्या याच ठिकाणी ‘जेधे करीना’ या कागदाची साक्ष महत्त्वाची ठरते. मावळातील कान्होजी जेधे हे शहाजीराजांबरोबर कर्नाटकात होते, त्यांच्याबरोबर कैदेतही होते. करीन्यातील कथन असे की, सुटकेनंतर शहाजीराजांनी कान्होजींस मावळात परत पाठविले. आपला पुत्र तेथे आहे, त्याच्याजवळ आपल्या जमावानिशी राहावे, मोगलांची वा आदिलशाहाची फौज आली तरी इमान राखून लढावे, असे त्यांच्याकडून शपथपूर्वक घेतले.

ज्या दरबाराने नुकतीच सुटका केली त्याच दरबाराच्या फौजेशी लढण्याची शपथ, हा या कथनातील धक्कादायक भाग आहे. त्याची विश्वसनीयता तपासताना करीन्याचे स्वरूप विसरून चालणार नाही. करीना हा एका देशमुख घराण्याने आपल्या सेवेची हकीगत सांगण्यासाठी केलेला लेख होय. आपली निष्ठा जितकी जुनी व थोर दिसेल तितका त्या घराण्याचा हक्क बळकट. म्हणून शब्दन् शब्द प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु कथनाचा गाभा, म्हणजे पित्याच्या पदरचा विश्वासू माणूस पुत्राच्या पदरी जाणे, हा पुढील घटनांशी जुळतो. १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी विजापूरहून मावळच्या देशमुखांस फर्माने आली, कान्होजींसही आले. अनेकांचे पाय डळमळीत झाले असता कान्होजी पुत्रांसह महाराजांपाशी आले आणि त्यांच्याच पक्षास राहिले. दहा वर्षांपूर्वी सोपविलेला माणूस दहा वर्षांनी कामास आला.

येथेही रूप तेच. बंगळुरास चार कारभारी दिले, कर्नाटकातून सुटल्यावर एक देशमुख दिला. शहाजीराजांचा विश्वास साधनांत पुन्हा पुन्हा माणसाच्या रूपाने येतो.

५

१६३६ च्या माहुलीपासून १६५७ च्या कल्याणपर्यंत एकवीस वर्षांचे अंतर आहे. आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गावर माहुलीच्या पायथ्याजवळचे आसनगाव आणि कल्याण यांमधील प्रवास तासाभराच्या आत होतो. पण या दोन स्थळांच्या मध्ये घराच्या कर्तेपणाचे संपूर्ण स्थित्यंतर सामावलेले आहे.

१६५६ च्या नोव्हेंबरात मुहंमद आदिलशाह मरण पावला. पुढील वर्षी औरंगजेबाने विजापूरच्या मुलखावर स्वारी करून बीदर व कल्याणी ही स्थळे घेतली. (ही कल्याणी म्हणजे बीदरकडील किल्ला, कोकणातील कल्याणशी तिचा घोटाळा होऊ नये.) त्यानंतर शहाजहानच्या आजाराने मोगलांचे लक्ष उत्तरेकडे वळले. ही संधी साधून १६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांच्या माणसांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि त्यापाठोपाठ माहुलीही त्यांच्या हाती आली. पिता जेथून खाली उतरला होता त्या किल्ल्यावर पुत्राची माणसे चढली.

पुणे व सुपे येथील उद्योगास पित्याच्या जहागिरीचा आधार होता. तो वारशाच्या हद्दीतला, निदान हद्दीलगतचा होता. जावळी हस्तगत झाली ती सह्याद्रीच्या आत. कल्याणास मात्र मुलूख, बंदर आणि समुद्र या तिन्ही गोष्टी नव्या होत्या. ठाणे व वसई या काळी पोर्तुगीजांकडे होती. कल्याणची खाडी हाती येताच महाराजांचा संबंध समुद्रावरील सत्तेशी आला. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या १६५९ मधील पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे युद्धनौका बांधल्या जात असल्याचा उल्लेख आहे; आणि त्या बांधणाऱ्याची ओळख तेथे शहाजीचा पुत्र अशी दिलेली आहे. आरमाराची ही सुरुवात परंपरेने दुर्गाडी किल्ल्याशी जोडली जाते. खाडीकाठचा हा छोटा किल्ला आजही कल्याणची ओळख आहे.

मुद्रेत पित्याचे नाव महाराजांनी स्वतः घातले होते; पोर्तुगीजांच्या पत्रात ते परक्यांनी घातले. त्यांच्या दृष्टीने हा अद्याप कोणाचा तरी मुलगा होता. थोड्याच वर्षांत ही ओळख उलटली आणि शहाजीराजेच शिवाजीचे पिता म्हणून सांगितले जाऊ लागले. घराचा कर्ता बदलल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी कोणती असणार? कल्याणचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे. तेथे पुत्र पित्याच्या नावाने ओळखला गेला, पण जे काम करीत होता ते पित्याने कधीच केलेले नव्हते.

लोकस्मृतीने मात्र कल्याणविषयी निराळीच गोष्ट जपली. कल्याणच्या सुभेदाराची सून महाराजांपुढे आणली गेली आणि आपली माता अशी सुंदर असती तर आपणही सुंदर झालो असतो, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी तिला सन्मानाने परत पाठविले, ही ती कथा. समकालीन साधनांत तिला आधार नाही. ती उत्तरकालीन परंपरेतून आली व पुढे शालेय पुस्तके, पोवाडे व नाटके यांतून सर्वतोमुखी झाली. या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कल्याणच्या विजयाच्या क्षणी परंपरेस महाराजांच्या तोंडी मातेचा उल्लेख घालावासा वाटला, पित्याचा नाही. जिजाबाईंचे वात्सल्य शब्दांत सांगता येते, म्हणून ते कथेत सहज शिरते. शहाजीराजांचा विश्वास शब्दांत नव्हताच. म्हणून कथेस तो सापडला नाही.

६

शब्दांत जे सापडते ते मात्र नकाराचे. सभासद सांगतो की, महाराजांच्या हालचालींविषयी विजापूरहून विचारणा झाली तेव्हा शहाजीराजांनी कळविले की, मुलगा आपल्या कह्यात नाही, आपण दरबाराशी एकनिष्ठ आहोत, त्याचे पारिपत्य करावयाचे तर खुशाल करावे, आपण मध्ये येणार नाही. बखरीच्या कथनक्रमात हा प्रसंग अफझलखानाच्या स्वारीपूर्वी येतो. म्हणजे ज्या सुमारास हा नकार उच्चारला गेला असे बखर मानते, त्याच सुमारास कान्होजी जेधे शपथेस जागून महाराजांजवळ उभे होते.

या नकारास प्रमाण मानून शहाजीराजांस निष्ठुर वा भित्रे ठरविणे, किंवा तो केवळ राजकीय डाव मानून त्यांस सर्व कटाचे सूत्रधार ठरविणे, ही दोन्ही टोके टाळता येतात. सभासद हा उद्गार देतो, पण त्यावर टीकाटिप्पणी करीत नाही. पुत्रास वाईट वाटले असेही म्हणत नाही. दरबारी कारभारात मुरलेल्या लेखकास कोणता शब्द कोणासाठी लिहिला जातो हे माहीत होते. नकाराचे पत्र दरबारासाठी आहे, शपथ देशमुखासाठी. एकाच पित्याच्या या दोन वाणी परस्परांस खोट्या पाडीत नाहीत. ‘मुलगा कह्यात नाही’ हे विधान १६५९ च्या सुमारास अक्षरशः खरे होते. पित्याने ते खरे होऊ दिले होते, आणि विश्वासाचा अर्थ बहुधा तेवढाच असतो. कर्तेपण सोपविणाऱ्यास पुढील प्रत्येक कृत्याची संमती द्यावी लागत नाही. हात मागे घ्यावा लागतो आणि त्या हाताची जी किंमत पडेल ती सोसावी लागते. शहाजीराजांनी ती एकदा कैदेच्या रूपाने सोसली होती.

मौनाने व्यक्त होणारा हा विश्वास उत्तरकालीन बखरकारांस पुरेसा वाटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यास लिहिल्या गेलेल्या मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीसारख्या ग्रंथांत पिता-पुत्रांच्या भेटीचा मोठा सोहळा येतो. महाराज पित्याच्या पालखीबरोबर अनवाणी चालतात आणि पिता कृतार्थ होऊन आशीर्वाद देतो. या भेटीचा ऐतिहासिक आधार दुबळा आहे. वाङ्मयीन दृष्टीने मात्र तिचे स्पष्टीकरण सोपे आहे. दीडशे वर्षांनंतरच्या वाचकास चार कारभाऱ्यांची यादी वाचून पित्याचे मन कळेनासे झाले होते. त्याला प्रसंग हवा होता, संवाद हवा होता. यादीचा अर्थ हरवला तेव्हा सोहळा रचला गेला. ठाण्याचे वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी जुने कागद व बखरी छापून वाचकांपुढे आणल्या, म्हणूनच आज या दोन थरांतील अंतर मोजता येते. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्यांत भावे अग्रणी होते, हे या संदर्भात आवर्जून सांगितले पाहिजे.

विश्वासास शब्दांची कसोटी लावल्याने काय घडते याचे जगप्रसिद्ध उदाहरण शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये आहे. लिअर मुलींकडून प्रेमाचे उद्गार मागतो आणि ज्या अधिक गोड बोलतात त्यांस राज्य देतो. मराठीत वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील अप्पासाहेब बेलवलकर उद्गार मागत नाहीत, पण तेही एका क्षणी सर्वस्व वाटून मोकळे होतात आणि नंतर मुलांच्या घरी आपले स्थान शोधीत फिरतात. या दोघांच्या शोकांतिकेचे मूळ उदारपणात नाही. वस्तू दिल्यावरही मान जुन्याच मापाने मिळावा, ही अपेक्षा त्याच्या मुळाशी आहे. शहाजीराजांनी सर्वस्व एकदम दिले नाही. एक जहागीर दिली, माणसे दिली आणि स्वतः दूर राहिले. पुत्राच्या घरात त्यांनी आपल्यासाठी आसन मागितले नाही.

७

ज्या पुत्रावर असा विश्वास टाकला गेला तो स्वतः पिता झाल्यावर काय करतो, हा प्रश्न या ठिकाणी टाळता येत नाही. सभासदाच्या बखरीतच त्याचे एक उत्तर आहे. संभाजीमहाराज १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले व सुमारे वर्षभराने परत आले. पन्हाळ्यावरील भेटीत शिवाजीमहाराज त्यांस सांगतात की, दोन पुत्रांस राज्य वाटून देऊ : तुंगभद्रेपलीकडील जिंजीकडचे राज्य तुला, तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंतचे राजारामास. संभाजीमहाराज नम्रपणे उत्तर देतात की, आपण दूधभात खाऊन पायांजवळ राहू.

या प्रसंगाचे रूप पूर्वीच्या प्रसंगांहून सर्वस्वी वेगळे आहे. येथे संवाद आहे, उपदेश आहे, अश्रूंना जागा आहे. यादी आहे ती मुलखाची. ज्यास जिंजी द्यावयाची त्यास पेशवा कोण, सबनीस कोण, याचा उच्चार नाही. सोपविण्याची भाषा येथे वाटणीच्या भाषेत बदलली आहे. वाटणी ही विश्वास उरला नाही म्हणून करावयाची गोष्ट होय. शिवाजीमहाराजांस तिचा अनुभव होता. पित्याच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १६७७ मध्ये, व्यंकोजीराजांकडे पैतृक वाट्याची मागणी त्यांनी केली होती आणि ते प्रकरण सलोख्याने मिटण्यास पुष्कळ प्रयास पडले होते.

तथापि पन्हाळ्याच्या प्रसंगावरून शिवाजीमहाराजांच्या मनाचा निर्णय करण्यापूर्वी बखर कोठे व कोणासाठी लिहिली गेली हे आठवले पाहिजे. लेखक जिंजीत बसला आहे, आश्रयदाता राजाराम आहे. या बखरीत थोरल्या पुत्राविषयी पित्यास शंका असणे आणि सह्याद्रीकडील राज्य धाकट्यास देण्याचा त्याचा मनोदय असणे, ही कथने आश्रयदात्याच्या हिताची आहेत. असे असूनही हा संवाद पित्याच्या अविश्वासाचे प्रमाणपत्र म्हणून दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली संभाजीमहाराजांचे चरित्र प्रसिद्ध करून व कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून हे प्रमाणपत्र तपासून घेण्यास अभ्यासकांस भाग पाडले. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकाने हाच पिता-पुत्रसंबंध रंगभूमीवर आणला. नाटकास संवाद लागतो, आणि या प्रकरणी बखरीने तो आयताच पुरविला होता. शहाजी-शिवाजी संबंधावर तितक्या तोलाचे नाटक मराठीत झालेले नाही, याचे कारणही येथेच आहे.

यातून वाचनाचा एक नियम हाती येतो. बखरीत पिता बोलू लागला की वाचकाने सावध व्हावे आणि तो कोणासाठी बोलविला जात आहे हे विचारावे. बखरीत पिता न बोलता काही देऊ लागला की वाचकाने थांबावे आणि काय दिले ते मोजावे. पहिल्या प्रकारची साक्ष पक्षपाताने लवकर बिघडते. दुसऱ्या प्रकारची साक्ष बिघडविणे कठीण असते. कारण कारभाऱ्यांची नावे, देशमुखांच्या निष्ठा आणि मुद्रेतील अक्षरे इतर कागदांशी ताडून पाहता येतात.

८

एवढ्या विवेचनावरून शहाजीराजांविषयी जे म्हणता येते ते असे. ते मुलास टाकून देणारे पिता नव्हते. तसेच पडद्याआडून प्रत्येक पाऊल ठरविणारे सूत्रधारही नव्हते. दुसऱ्या कल्पनेत पित्याचा गौरव दिसत असला तरी तिने पुत्राचे कर्तृत्व उणे होते आणि पित्याचा विश्वासही निरर्थक होतो. सर्व काही आधीच ठरलेले असेल तर विश्वास ठेवण्यासारखे उरते काय? माहुलीस ज्याचा प्रयत्न संपला त्याने मुलास आपला अपुरा राहिलेला बेत दिला नाही. आपली माणसे दिली, आपले नाव वापरू दिले, आणि पुढे जे होईल ते होऊ दिले. मुलाने कल्याणास जे केले त्याची कल्पना १६४० साली बंगळुरास कोणास असणे शक्य नव्हते. कल्पना नसताना दिले, म्हणूनच त्यास विश्वास म्हणावयाचे.

बखर-वाङ्मयाच्या अभ्यासात प्रसंग, संवाद व शैली यांचा विचार बराच झाला आहे. याद्या, नेमणुका, शपथा व मुद्रा यांकडे मात्र इतिहासाचा कच्चा माल म्हणून पाहण्याची सवय अद्याप गेलेली नाही. या मजकुराची भावगर्भ वाङ्मय म्हणून तपासणी झाली, तर शहाजीराजेच नव्हे, तर मराठी दप्तरांतून वावरणारे कितीतरी अबोल पिते वाचकांशी बोलू लागतील.